सकाळी पक्षी, दुपारी दगड

दरवर्षी जूनमध्ये दादा लंडनजवळच्या स्लाऊहून ट्रेनने माझ्याकडे एडिनबराला यायचा आणि आम्ही दोघं भाऊ माझ्या गाडीतून उत्तरेकडे निघायचो. नियम एकच होता. सकाळी पक्षी, दुपारी दगड. पक्षी त्याचे, दगड माझे. तो हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. वर्षभर माणसं झोपवल्यावर त्याला काहीतरी जागं, फडफडणारं बघायचं असे. मी ग्रंथालयात काम करतो, आणि ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही अशा लोकांची घरं आणि थडगी बघायला मला आवडतं. सकाळी मी त्याच्या शेजारी कुडकुडत दुर्बीण धरून उभा राहायचो. दुपारी तो माझ्यामागून एखाद्या दगडी थडग्यात रांगत शिरायचा आणि म्हणायचा, "तुझे लोक फारच बुटके होते रे."

खरा बेत मेक्सिकोचा होता. तिथे माया लोकांच्या ओसाड देवळांत, दगडांच्या भेगांमध्ये एक निळा पक्षी घरटं करतो. त्याच्या शेपटीला दोन लांब काड्या असतात, टोकाला एकेक पीस, आणि बसल्याबसल्या तो ती शेपटी घड्याळाच्या लंबकासारखी हलवतो. पक्षी आणि दगड एकाच जागी. दादा म्हणायचा, तिथे आपल्याला वेळ वाटून घ्यावा लागणार नाही. पण मला विमानाची भीती वाटते. साधी नाही, घशाशी येणारी. त्यामुळे मेक्सिको दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचं आणि आम्ही पुन्हा उत्तरेचा रस्ता धरायचो.

मार्चमध्ये दादा गेला. झोपेतच गेला. वहिनी सांगतात, त्यांना जाग आली ती शांततेने.

हे नीट कळायला दादाचं घोरणं माहीत असायला हवं. लहानपणी आम्ही एका खोलीत झोपायचो, त्यामुळे मला ते तोंडपाठ आहे. दूर कुठेतरी शिलाई मशीन चालू असावं तशी एक लांबलचक घरघर, मग मशीनचा दोरा तुटावा तशी एक उचकी, क्षणभर काही नाही, आणि पुन्हा घरघर. वहिनी त्या आवाजात इतकी वर्षं झोपल्या. त्या पहाटे उचकीनंतर घरघर आली नाही.

इथे दहनालाच तारीख मिळेपर्यंत दहावा दिवस उलटून जातो. पुढे एका रविवारी दादाच्या स्लाऊच्या घरामागे, बागेतल्या शेडवर पिंड ठेवला. एरवी सॉफ्टवेअरचं काम करणारे आणि शनिवार-रविवारी पौरोहित्य करणारे एक गृहस्थ आले होते. आम्ही सगळे कोट घालून गवतात उभे राहिलो आणि वर बघू लागलो. कावळा येईना. प्रथेप्रमाणे एकेकजण पुढे होऊन मोठ्याने सांगू लागला. टोरांटोहून आलेला दादाचा मुलगा म्हणाला, "बाबा, मी आईला दर आठवड्याला फोन करीन." मी म्हणालो, "दादा, वहिनींची काळजी करू नकोस." शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या. एक काळापांढरा मॅगपाय पक्षी आला, शेडच्या कडेला बसला, शेपटी वरखाली केली आणि गेला. मग दोन लठ्ठ कबुतरं आली आणि त्यांनी भात फस्त केला.

मी वहिनींच्या कानाशी म्हणालो, "मॅगपायही कावळ्याच्याच कुळातला असतो. दादाच सांगायचा."

"कुळातला म्हणजे चुलत," वहिनी म्हणाल्या. "चुलत चालत नाही. आणि त्यानेही शिवला नाही."

पुरोहितांनी पुन्हा पिंड मांडला, दर्भाचा कावळा केला, तो भाताला टेकवला आणि मोकळे झाले. वहिनी मोकळ्या झाल्या नाहीत. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली ही बाई. सत्यनारायणालासुद्धा त्या कधी फारशा उत्साहाने बसल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला आणि मला समोर बसवून सांगितलं, "खरा कावळा शिवल्याशिवाय मी अस्थी सोडणार नाही. नाशिकला नाही, थेम्समध्ये नाही, कुठेच नाही." मुलाने समजावलं. मी समजावलं. क्रिमेटोरियममधून मिळालेला हिरवा प्लास्टिकचा डबा त्यांच्या पलंगाशेजारी, दादाच्या बाजूला राहिला.

मे महिन्याच्या शेवटी त्यांचा फोन आला.

"भाऊजी, तुमची ती उत्तरेची बुकिंग्ज आहेत ना अजून? हॉटेल, फेरी वगैरे?"

"आहेत. कॅन्सल करणार होतो."

"नका करू. मी येते. हे म्हणायचे, तिकडे वरती आपल्यासारखा कावळा असतो. करडा."

इंग्लंडमधला कावळा पूर्ण काळा असतो. इन्व्हर्नेसच्या पुढे, पार उत्तरेला मात्र दुसरा दिसतो. डोकं आणि पंख काळे, बाकीचं अंग राखाडी. हे खरं होतं. मी फोनवर म्हणालो, "पण तो वेगळा असतो, वहिनी. आपल्याकडच्याची नुसती मान करडी. याचं अख्खं अंग करडं."

"थंडी असते ना तिकडे. स्वेटर घातलाय म्हणा."

त्या आल्या तेव्हा त्यांच्याकडे एक छोटी बॅग, प्रवासी राइस कुकर, काळ्या तिळांची पुडी आणि कापडी पिशवीत तो हिरवा डबा होता. डबा डिकीत ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. मी तो मागच्या सीटवर ठेवला आणि गाडी सुरू केली, तर टिंग टिंग वाजायला लागलं. मागे कोणीतरी पट्टा न लावता बसलंय अशी गाडीची समजूत झाली होती. डबा तेवढा जड होता. वहिनी उतरल्या, मागचं दार उघडलं, डब्याला पट्टा लावला. आवाज थांबला. त्या पुढे येऊन बसल्या आणि मी गाडी उत्तरेकडे वळवली.

पहिला करडा कावळा स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, कॅथनेसच्या माळरानावर दिसला, तारेच्या कुंपणाच्या खांबावर. वहिनींनी गाडी थांबवायला लावली, पण आम्ही उतरेपर्यंत तो उडाला. दुपारी मी त्यांना एका दगडी थडग्यापाशी नेलं. दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट जाते. शेवटी करड्या दगडांचा लांब ढीग आणि त्याच्या पोटात गुडघाभर उंचीचं दार. मला वाटलं त्या बाहेर थांबतील. त्यांनी साडीऐवजी घातलेली ट्रॅकपँट वर खोचली आणि माझ्यामागून रांगत आत आल्या. आतल्या खोलीत उभं राहता येतं. वारा एकदम बंद झाला. आपलाच श्वास दगडांवरून परत येत होता, जरा उशिराने.

"इथे कोणी आहे का, असं विचारू नका," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

"का?"

"उत्तर आलं तर?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी पुस्तकातलं सांगितलं. की हे लोक प्रेतं आधी उघड्यावर पक्ष्यांसाठी ठेवत असावेत, आणि पक्ष्यांचं काम झाल्यावर हाडं आत आणून ठेवत, असं काही अभ्यासकांना वाटतं.

"म्हणजे कावळा शिवल्यावरच आत."

"तसंच काहीसं."

"मग मी काय वेगळं म्हणतेय?"

बाहेर आल्यावर त्यांनी जेवणाच्या डब्यातून तिळाचा भात काढला, मुटका वळला आणि दारावरच्या दगडावर ठेवला. आम्ही गाडीत बसून दुर्बिणीतून बघत राहिलो. दादासारखंच, काही न बोलता. कोणी आलं नाही.

फेरीने ऑर्कनी बेटांवर पोचलो तेव्हा दिवसच मावळेनासे झाले होते. उजेड असतो पण सावल्या नसतात, आणि सगळं कोणीतरी पुसून ठेवल्यासारखं दिसतं. दोन तळ्यांच्या मधल्या पट्टीवर उंच, पातळ दगड गोलात उभे आहेत. त्यातल्या एकावर करडा कावळा बसला होता. वहिनींनी भात त्याच्या समोरच्या आडव्या दगडावर ठेवला आणि हात जोडून मागे सरकल्या.

कावळा उतरला. भातापासून हातभर अंतरावर थांबला. मान तिरकी करून आधी भाताकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिला.

"बोला," वहिनी कुजबुजल्या. "काहीतरी राहिलंय त्यांचं. तुम्हाला माहीत असेल. बोला, भाऊजी."

माहीत होतंच. मी घसा खाकरून म्हणालो, "दादा, मी मेक्सिकोला जाईन. तुझा निळा पक्षी बघून येईन."

कावळ्याने डोकं झटकलं आणि तो सरळ तळ्यावरून निघून गेला.

"खोटं बोललात," वहिनी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "तुम्ही काही विमानात बसत नाही. त्यालाही कळलं ते."

"कावळ्याला?"

"तुमच्या दादांना."

थोड्या वेळाने मैनेसारख्या ठिपकेवाल्या पक्ष्यांचा थवा आला आणि भात संपला. वहिनी ते बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीकडे बघून मला पहिल्यांदाच भीती वाटली. कावळा येणार नाही ही नव्हे. हा भात, हे दगड, हा डबा असंच चालू राहील, पुढच्या जूनमध्येही आणि त्याच्या पुढच्याही, ही. आमच्यासमोर आता शेटलंड बेटांचा एकच मुक्काम उरला होता.

शेटलंडच्या दक्षिणेला एक निर्जन बेट आहे. तिथे समुद्राच्या काठावर दोन हजार वर्षांपूर्वीचा एक दगडी बुरूज उभा आहे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. खाली फुगीर आणि वर निमुळता, धान्याच्या कणगीसारखा, आतून पोकळ. भिंत दुहेरी आहे आणि दोन भिंतींच्या मधून जिना वर जातो. तो कोणी बांधला, कोणाच्या भीतीने बांधला, कोणी सांगू शकत नाही. ही जागा दादाने निवडली होती. मी तेव्हा म्हणालो होतो की हा तर माझा दगड झाला. तो हसून म्हणाला होता, "तू चल तर."

छोट्या नावेतून निघालो तेव्हा धुकं होतं. वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली होती. बेटावर उतरल्यावर बरोबरचे प्रवासी सील बघायला दुसऱ्या बाजूला गेले. आम्ही गवतातून बुरुजाकडे निघालो. धुक्यात तो आधी दिसेचना. मग एकदम समोर, फार जवळ उभा होता.

वाकून आत गेलो. वर आकाशाचा पांढरा गोल, खाली ओला दगड. कोणी नव्हतं. मी भिंतीतल्या जिन्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागलो आणि थांबलो.

भिंत घोरत होती.

दूरच्या शिलाई मशीनसारखी लांबलचक घरघर. मग दोरा तुटल्यासारखी उचकी. मग काही नाही. मग पुन्हा घरघर. आवाज दगडांच्या आतून, माझ्या खांद्याच्या उंचीवरून येत होता. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती.

"अहो," त्या म्हणाल्या.

आवाज बंद झाला.

किती वेळ उभे होतो कोण जाणे. वहिनी गप्प राहिल्या तसा तो पुन्हा सुरू झाला. घरघर, उचकी. त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी दगडाला कान लावला. मला तेव्हा आठवलं. दादाने सांगितलं होतं. समुद्रावर राहणारा, चिमणीएवढा एक काळा पक्षी फक्त अंडी घालायला जमिनीवर येतो आणि या बुरुजाच्या भिंतींच्या भेगांत बसतो. स्टॉर्म पेट्रेल. तो आतून आवाज करतो. एवढंच सांगितलं होतं. कसला आवाज ते सांगितलं नव्हतं. आपलं घोरणं त्याने स्वतः कधी ऐकलंच नव्हतं.

"वहिनी, तो पक्षी आहे," मी म्हणालो.

"असेल." कान तसाच दगडाला. "मी कुठे नाही म्हणतेय?"

मग त्यांनी भात काढला, मुटका केला आणि त्या भेगेच्या खालच्या दगडावर, बाहेर आलेल्या एका कंगोऱ्यावर ठेवला. आम्ही मागे येऊन समोरच्या भिंतीला टेकलो. त्या या वेळी काही बोलल्या नाहीत आणि मला बोलायलाही सांगितलं नाही.

कावळा कधी आला ते कळलं नाही. वर बघितलं तर तो बुरुजाच्या कडेवर बसून आत वाकून बघत होता. करडं अंग धुक्यात मिसळलेलं, त्यामुळे नुसतं काळं डोकं आणि दोन पंख हवेत असल्यासारखे. तो कडेकडेने खाली उतरला, दगडावरून दगडावर. भाताच्या कंगोऱ्यावर आला. वहिनींनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतली.

भाताकडे त्याने बघितलंही नाही. त्याने मान भेगेत खुपसली, खांद्यापर्यंत. घरघर मध्येच तुटली. या वेळी उचकी आली नाही. आत काहीतरी फडफडलं, अगदी थोडं. कावळा मागे सरला तेव्हा त्याच्या चोचीत लहानसं, पांढरं, गोल काहीतरी होतं. पंखांचा एक मोठा आवाज झाला आणि तो वरच्या गोलातून निघून गेला.

"शिवला," वहिनी म्हणाल्या. मग मोठ्याने, "शिवला, भाऊजी!" आणि खाली ओल्या दगडावर बसून त्या रडू लागल्या. मार्चपासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मुटका कंगोऱ्यावर तसाच होता. त्यावर तीळ दिसत होते. चोचीत गेलं ते अंडं होतं.

त्या डोळे पुसत वाकून दाराबाहेर पडल्या तेव्हा मी मुटका उचलून कोटाच्या खिशात टाकला. तो अजून कोमट होता. मी क्षणभर भेगेला कान लावला. आत पूर्ण शांत होतं, आणि मला वहिनींची ती पहाट काय होती ते समजलं.

परतताना आम्ही नाववाल्याला विचारलं, अस्थी इथे सोडल्या तर चालेल का. त्याने खाडीच्या मध्यावर इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. बरोबरच्या लोकांनी माना खाली घातल्या. वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं आणि हात पाण्याजवळ नेऊन दादाला सोडलं. राख पाण्यावर जरा वेळ राहिली, मग खाली गेली. सगळे दुसरीकडे बघत असताना मी खिशातला भात हळूच पाण्यात टाकला. वर बघितलं तर वहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी नजर समुद्राकडे वळवली.

धक्क्यावर गाडी सकाळपासून बंद उभी होती. रिकामा डबा मी डिकीत टाकला. वहिनी पुढे बसल्या, पट्टा लावला. मी गाडी सुरू करून रस्त्याला लागलो.

टिंग टिंग वाजायला लागलं.

मी माझा पट्टा बघितला. त्यांचा बघितला. समोरच्या काचेखाली मागच्या सीटचा लाल दिवा लागला होता. गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघांनी मागे वळून बघितलं. सीट रिकामी होती. पिशवी नाही, कोट नाही, छत्रीसुद्धा नाही. मी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा टिंग टिंग.

"ओल गेली असेल सेन्सरमध्ये," मी म्हणालो. "धुकं किती होतं."

"असेल."

काही वेळ नुसता तो आवाज.

"ते अंडं होतं ना, भाऊजी?"

"हो."

"मला दिसलं होतं. भातही दिसला होता." त्यांनी रुमालाने काच पुसली, जी धुरकटलेलीही नव्हती. "म्हटलं, आता पुरे. आपणही दमलो, तेही दमले असतील. शिवला म्हणून टाकावं." मग मागे न बघता म्हणाल्या, "पण हे कसले फसतायत."

त्या उतरल्या, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन लावला. आवाज थांबला. पुढे येऊन बसल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"मेक्सिकोला किती तास लागतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मी तुमच्या शेजारी बसेन," वहिनी म्हणाल्या. "खिडकी त्यांना देऊ."

मी गाडी गियरमध्ये टाकली. लर्विकच्या बंदरापर्यंतच्या रस्त्यात मी आरशात एकदाच बघितलं. पट्टा सीटवर सैल पडला नव्हता. तो ताणलेला होता.